हर्णैचें बंदर आणि वऱ्हाड

श्रोतेहो, वऱ्हाडांत बसून समुद्राविषयीं बोलणें कित्येकांस विचित्र वाटेल. अमरावतीच्या राजापेठेपासून कोंकणचा किनारा सरळ रेषेंत मोजला तरी सुमारें पावणेचारशें मैल दूर. समुद्राचा आणि आपला संबंध येतो तो फार तर दोन वाटांनीं : मृगाच्या आगेमागें पश्चिमेकडून येणाऱ्या ढगांच्या रूपानें, आणि आठवड्याच्या बाजारांत सुक्या बोंबलांच्या वासानें. एरवीं पूर्णेचें पाणी तापीच्या वाटेनें पश्चिम समुद्रास मिळतें आणि वर्धेचें पाणी गोदावरीच्या वाटेनें पूर्वसमुद्रास जातें, एवढें भूगोलांत शिकून आपण तें विसरून जातों.

तथापि ज्या कोळ्यांच्या गांवाची माहिती आज मी आपणांस सांगणार आहें, तें गांव वऱ्हाडला वाटतें तितकें परकें नाहीं. रत्नागिरी जिल्ह्यांत, दापोली तालुक्यांत हर्णै नांवाचें एक लहानसें बंदर आहे. त्या बंदरावर १७५५ सालीं एक घटना घडली आणि १८०२ सालीं दुसरी. या दोन घटनांमागून जी इतिहासाची सांखळी निघते, तिची शेवटची कडी आपल्या अडगांवच्या शेतांत आणि गाविलगडच्या तटाशीं येऊन थांबते. ती सांखळी कशी जोडली गेली, हें पाहणें हा या भाषणाचा हेतु आहे. परंतु इतिहासाकडे वळण्यापूर्वीं तें गांव एकदां डोळ्यांसमोर आणूं.

दापोलीहून हर्णैस जाणारी वाट सुमारें दहा मैलांची. दापोलीचें पठार जांभ्या दगडाचें व तांबड्या मातीचें. आंबा, काजू आणि फणस यांच्या राया दोहों बाजूंस लागतात. पठार संपून उतार लागला कीं माडांच्या शेंड्यांवरून समुद्राची निळी पट्टी दिसूं लागते, आणि थोड्याच वेळांत किनाऱ्यापासून जवळच पाण्यांत उभा असलेला सुवर्णदुर्ग नजरेस पडतो. बेटाच्या कांठाकांठानें फिरलेला त्याचा तट पुष्कळ ठिकाणीं मूळ खडकच तासून काढलेला आहे आणि त्यावर मोठमोठे चिरे रचले आहेत. मुख्य दरवाजा जमिनीकडे तोंड करून आहे. त्याच्या पायरीवर कांसव आणि बाजूच्या तटावर मारुति कोरलेला आहे. पश्चिमेस समुद्राकडे एक लहान चोरदरवाजा आहे. या जलदुर्गाच्या पाठराखणीस किनाऱ्यावर आणखी तीन लहान दुर्ग आहेत : कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्ग तीन बाजूंनीं पाण्यानें वेढलेल्या टेंकाडावर असून त्यावर आतां दीपगृह आहे. फत्तेगडावर कोळ्यांची वस्ती आहे. तट कोठें होता आणि घर कोठें सुरू होतें, हें तेथें ओळखूं येत नाहीं.

उत्तरेस जोग नदीच्या खाडीपलीकडे आंजर्लें. तेथील डोंगरावर कड्यावरच्या गणपतीचें देऊळ आहे. त्या देवळाच्या परिसरांतून खालीं पाहिलें म्हणजे माडांचें बन, खाडीचें वळण आणि दूरवर सुवर्णदुर्गाची काळी रेघ असें एक चित्रच उलगडतें. दक्षिणेस मुरूड, महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें बालपण जेथें गेलें तें गांव. आंजर्ल्याच्या आणि उत्तरेकडील वेळासच्या वाळूंत हिंवाळ्यांत समुद्रकांसवें रात्रीं येऊन अंडीं घालतात. एका घरट्यांत शंभराच्या आसपास अंडीं असतात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं त्यांतून निघालेलीं पिलें समुद्राच्या उजेडाकडे धांवत सुटतात. पूर्वीं हीं अंडीं सर्रास उकरून नेलीं जात. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ पासून गांवकऱ्यांच्या साहाय्यानें त्यांच्या रक्षणाचें काम हातीं घेतलें, आणि आतां तीं पिलें पाहण्यासाठीं लोक दुरून तेथें येतात.

येथें एका गोष्टीकडे लक्ष वेधावेंसें वाटतें. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून जो लाव्हारस थरावर थर असा पसरला, त्याचाच काळा पाषाण सुवर्णदुर्गाच्या पायाखालीं आहे, आणि त्याच पाषाणाच्या झिजेपासून वऱ्हाडची कपाशी पिकविणारी काळी माती झाली आहे. म्हणजे हर्णैचा कोळी आणि अकोल्याचा शेतकरी एकाच खडकावर उभे आहेत. एकाच्या पायाखालीं तो समुद्रानें धुऊन काढला, दुसऱ्याच्या पायाखालीं तो माती होऊन राहिला, इतकाच काय तो फरक. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत राहणाऱ्यांस खाऱ्या पाण्याचीहि नवलाई नाहीं.

आतां या गांवच्या माणसांकडे वळूं. हर्णै आणि शेजारचें पाजपंढरी हीं मुख्यतः मच्छीमारांचीं गांवें. त्यांचें घड्याळ भिंतीवर नसतें, आकाशांत असतें. भरतीची वेळ दररोज सुमारें ५० मिनिटांनीं पुढें सरकते. म्हणून तिथि कळली कीं पाणी कधीं चढेल आणि कधीं उतरेल तें कोळ्यास कळतें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास पाणी फार चढतें व फार उतरतें, त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरतीओहोटी मंद असते, तो भांग. रात्रीं जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा धरून बाहेर पडावें आणि दुपारनंतरच्या खाऱ्या वाऱ्यावर घरीं परतावें, असा शिडांच्या काळांतला क्रम होता. आतां नौकांना इंजिनें आलीं, परंतु पाण्याखालचा खडक कोठें आहे आणि रेतीचा दांडा कोठें सरकला आहे, हें ज्ञान अजून बापाकडून मुलाकडेच जातें. पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो व माशांच्या विणीचाहि तोच काळ असतो, म्हणून मासेमारी बंद ठेवतात. नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून नारळ अर्पण करतात.

हर्णैची मासळीची लिलावबाजी हा एक पाहण्यासारखा प्रसंग असतो. किनारा उथळ, म्हणून मोठ्या नौका दूर नांगरून ठेवावयाच्या, मासळी होडक्यांतून आणावयाची, आणि शेवटचें अंतर बैलगाड्या पाण्यांत घालून तोडावयाचें, अशी पद्धत तेथें अनेक वर्षें चालत आली. पापलेट, सुरमई, बांगडा, कोळंबी यांचे ढीग ओल्या वाळूवरच मांडले जातात, भोंवतीं माणसांचें कडें पडतें, बोली चढत जाते आणि घटकाभरांत दिवसाच्या कष्टांचें मोल ठरतें. टोपल्या भरणें, मासळी निवडणें, बर्फांत घालणें, घासाघीस करणें, हा सगळा कारभार पुष्कळसा स्त्रियांच्या हातीं असतो.

हें सगळें विस्तारानें सांगण्याचें कारण असें कीं, आरमार म्हणजे केवळ जहाजें नव्हेत. जहाज सुतार बांधील, तोफ लोहार ओतील. परंतु काळोख्या रात्रीं खडकांतून वाट काढणारा तांडेल कारखान्यांत घडवितां येत नाहीं. तो पिढ्यान्‌पिढ्या अशाच गांवांतून घडत असतो. शिवाजी महाराजांनीं ही गोष्ट ओळखली. सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या या राजानें कल्याण-भिवंडीकडे जहाजें बांधावयास लावलीं, कोळी, भंडारी, दालदी अशा किनाऱ्यावरील सर्व जातिजमातींस आरमारांत घेतलें, आणि विजापूरकरांचा सुवर्णदुर्ग घेऊन तो बळकट केला. गुराब, गलबत, पाल, शिबाड, मचवा हीं त्या आरमारांतील जहाजांचीं नांवें. त्यांतील गलबतें हलकीं व वल्ह्यांवर चालणारीं. वारा पडला कीं युरोपियनांचीं अवजड जहाजें जागच्या जागीं डुलत राहत, आणि तेवढ्यांत गलबतें खाडीच्या उथळ पाण्यांत पसार होत.

पुढें सुवर्णदुर्गाच्याच परिसरांत कान्होजी आंग्रे यांचा उदय झाला. १७२९ सालीं त्यांचा अंत होईपर्यंत मुंबईकर इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांनाहि त्यांच्याशीं सावधगिरीनें वागावें लागत होतें. त्यांच्या परवान्याशिवाय किनाऱ्यानें व्यापार करणें धोक्याचें झालें होतें. इंग्रज त्यांस चांचा म्हणत. परंतु आपल्या समुद्रांत परवान्यावांचून फिरणाऱ्यास अडविणें हा जर चांचेपणा असेल, तर त्याच समुद्रांत स्वतःचे परवाने सक्तीनें विकणाऱ्या पोर्तुगीजांस काय म्हणावें, हा प्रश्न उरतो.

कान्होजींच्या मागें घरांत फूट पडली. एका मुलानें कुलाबा धरला, दुसऱ्यानें सुवर्णदुर्ग व विजयदुर्ग. या दुसऱ्या शाखेची सत्ता पुढें तुळाजी आंग्रे यांच्या हातीं आली. तुळाजी शूर होता, समुद्रावर त्याची जरब होती. १७४५ सालीं त्यानें सिद्दीपासून अंजनवेल जिंकून घेतलें. परंतु तो पेशव्यांस जुमानीना, आणि त्याच्या स्वाऱ्यांचा उपद्रव कोंकणांतील रयतेसहि पोंचूं लागला. नानासाहेब पेशव्यांस त्याचा बंदोबस्त करावासा वाटला, यांत गैर कांहीं नव्हतें. प्रश्न एवढाच होता कीं, तो कोणाच्या हातून करावयाचा.

१९ मार्च १७५५ रोजीं पेशव्यांचा कोंकणांतील सुभेदार रामाजी महादेव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यांत करार झाला. संयुक्त आरमार इंग्रजांच्या हुकमतीखालीं चालावें आणि मोबदल्यांत बाणकोट इंग्रजांस मिळावें, असें ठरलें. तीनच दिवसांनीं कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याचें स्वतःचें जहाज प्रोटेक्टर ४४ तोफांचें होतें. वाटेंत पेशव्यांचीं गलबतें त्यास मिळालीं. सुवर्णदुर्गाच्या आश्रयास असलेलें तुळाजीचें आरमार दक्षिणेकडे निघालें; जेम्सनें त्याचा पाठलाग केला. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानें या पाठलागाची हकीकत लिहून ठेवली आहे. वारा इतका मंद होता कीं, तुळाजीच्या खलाशांनीं शिडांच्या जोडीस आपलीं अंगावरचीं वस्त्रें आणि डोक्यावरचीं पागोटींसुद्धां वाऱ्याला धरलीं. तीं जहाजें निसटलीं. जेम्स परत फिरला आणि २ एप्रिल रोजीं त्यानें किल्ल्यावर तोफा डागल्या.

समुद्राच्या बाजूनें खडकाच्या तटावर गोळे फारसे चालेनात. तेव्हां त्यानें जहाज किल्ला आणि किनारा यांमधील अरुंद पाण्यांत घातलें. एका गोळ्यानें आंतील गवताच्या छपरास आग लागली, आग दारूच्या कोठाराला भिडली आणि मोठा स्फोट झाला. बायकापोरांसह लोक होड्यांत बसून पळूं लागले व पकडले गेले. किनाऱ्यावरचे दुर्ग पडले. शेवटीं इंग्रज खलाशांनीं कुऱ्हाडींनीं दरवाजा फोडून सुवर्णदुर्ग घेतला. जी जागा अजिंक्य म्हणून ख्यात होती, ती अवघ्या कांहीं दिवसांत हातची गेली. पाठोपाठ बाणकोट इंग्रजांच्या स्वाधीन झालें. सुवर्णदुर्ग करारानुसार पेशव्यांस मिळाला.

पुढल्या वर्षीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, हेंच विजयदुर्गास घडलें. ॲडमिरल वॉटसन व क्लाइव्ह यांनीं केलेल्या त्या स्वारींत बंदरांत एकत्र उभें असलेलें तुळाजीचें सारें आरमार जळून खाक झालें. तुळाजीचें पुढील आयुष्य पेशव्यांच्या कैदेंत गेलें. प्लासीची लढाई यानंतर सव्वा वर्षानें झाली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

या प्रकरणीं पेशव्यांच्या बाजूनें असें सांगण्यांत येतें कीं, आरमार अगदींच संपलें नाहीं. विजयदुर्गास धुळपांच्या हाताखालीं तें पुन्हां उभें राहिलें, आणि १७८३ सालीं आनंदराव धुळपांनीं रेंजर नांवाचें इंग्रजी जहाज पकडून पराक्रमहि गाजविला. हें खरें आहे. तरी पण बंडखोर सरदारास वठणीवर आणणें ही एक गोष्ट, आणि आपल्याच राज्याची समुद्रावरील शक्ति परक्याच्या तोफांनीं जाळविणें ही निराळी गोष्ट. घोड्याच्या टापांनीं अटकेपर्यंतची भूमि ज्यांनीं मोजली, त्यांनीं दाराशीं असलेला समुद्र मात्र मोजला नाहीं. इंग्रज मुंबईच्या बेटावर बसला होता तो जहाजांच्या बळावर. त्याची नाडी समुद्रांत होती. ती दाबण्याचें साधन हर्णै व विजयदुर्ग येथें आपण आपल्या हातानें मोडलें. पुणें आणि हर्णै यांमध्यें सह्याद्रीची एक रांग आहे. परंतु राज्यकर्त्यांच्या मनांत ती रांग फार उंच झाली होती.

जेम्स श्रीमंत होऊन विलायतेस परतला आणि पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला. १७८३ सालीं तो वारला. त्याच्या पत्नीनें १७८४ मध्यें लंडनजवळ शूटर्स हिल या टेंकडीवर त्याच्या स्मरणार्थ एक तिकोनी मनोरा बांधविला आणि त्याला नांव दिलें सेव्हर्नड्रूग. हें आपल्या सुवर्णदुर्गाचेंच इंग्रजी जिभेवर मोडलेलें रूप. तो मनोरा आजहि उभा आहे. दुरुस्तीनंतर २०१४ सालीं तो लोकांस पुन्हां खुला झाला. जिंकणाऱ्यानें त्या दिवसाची आठवण सातासमुद्रापलीकडे दगडांत जपून ठेवली. हरणाऱ्यांस मात्र आपण नेमकें काय हरलों, हें कळावयास आणखी ४७ वर्षें लागलीं.

तीं वर्षें १८०२ सालीं पुरीं झालीं. त्या वर्षीं २५ ऑक्टोबर रोजीं हडपसरच्या लढाईंत यशवंतराव होळकरांनीं दुसऱ्या बाजीरावाच्या व शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पुण्याहून पळाला, तो महाडवरून सुवर्णदुर्गास आला. ज्या बंदरावर त्याच्या चुलत्यांनीं इंग्रजांस बोलावून आणलें, त्याच बंदरावर पुतण्या इंग्रजांचा आश्रय शोधीत उभा राहिला. डिसेंबरांत तो येथून समुद्रमार्गें वसईस गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यानें वसईच्या तहावर सही केली. इंग्रजांची फौज पदरीं ठेवावयाची, तिच्या खर्चास मुलूख तोडून द्यावयाचा आणि इंग्रजांच्या संमतीवांचून इतर सत्तांशीं बोलणें करावयाचें नाहीं, अशा त्याच्या अटी होत्या. समुद्रावर दुसरें कोणाचें जहाज नव्हतें, म्हणून पळून जाणाऱ्या पेशव्यासहि दुसरा रस्ता नव्हता.

आतां आपल्या वऱ्हाडाकडे येऊं. वसईचा तह शिंदे आणि नागपूरकर भोसले यांस मान्य झाला नाहीं, आणि १८०३ सालीं इंग्रजांशीं युद्ध जुंपलें. त्या युद्धांतील दख्खनच्या आघाडीचा शेवट वऱ्हाडांतच झाला. २९ नोव्हेंबर १८०३ रोजीं अकोला जिल्ह्यांतील अडगांव येथें जनरल आर्थर वेलस्ली यानें भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबर रोजीं गाविलगड पडला; किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां मारला गेला. दोनच दिवसांनीं, १७ डिसेंबर रोजीं देवगांवचा तह झाला, आणि भोसल्यांस वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरचा हक्क सोडावा लागला. तो मुलूख इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरांत पडला. पुढें १८५३ सालीं निजामाकडून त्याचा कारभार इंग्रजांकडे आला. गाविलगड, नरनाळा आणि बाळापूर यांचे तट पाहतांना आपणांस मोगल, निजाम, भोसले आठवतात. हर्णैचा किनारा कोणास आठवत नाहीं. वऱ्हाड गेलें तें केवळ समुद्रामुळें गेलें, असें मी म्हणत नाहीं. इतिहासांत एका कार्यास एकच कारण क्वचित् असतें. परंतु जी सत्ता अडगांवच्या रानांत तोफा घेऊन उभी राहिली, ती जहाजांतून उतरलेली होती, आणि त्या जहाजांना अडविणारे हात पन्नास वर्षांपूर्वींच निकामी केले गेले होते, एवढें तरी निर्विवाद आहे.

१८१८ च्या सुमारास सुवर्णदुर्ग कायमचा इंग्रजांकडे गेला. त्याच्या तोफा थंडावल्या, आंतील वाडे पडले, तटावर झाडें माजलीं. गांव मात्र राहिलें. राजे बदलले, निशाणें बदललीं, तरी भरतीच्या वेळा बदलल्या नाहींत आणि हर्णैच्या होड्या बाहेर पडावयाच्या थांबल्या नाहींत. ज्यांनीं विजापूरकरांस, शिवाजी महाराजांस, आंग्र्यांस आणि पेशव्यांस पाण्याची वाट दाखविली, त्यांतील एकाहि सामान्य तांडेलाचें नांव पाठ्यपुस्तकांत सांपडत नाहीं. परंतु फत्तेगडावर आज राहतात ते कोळीच.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत सुवर्णदुर्गाचा समावेश आहे. हें योग्यच झालें. किल्ल्याची डागडुजी होईल, फलक लागतील, प्रवासी येतील. पण किल्ल्याचा वारसा म्हणजे नुसते चिरे नव्हेत. पाणी, वारा आणि खडक यांचें जें ज्ञान त्या चिऱ्यांच्या मागें उभें होतें, तें जिवंत आहे किनाऱ्यावरच्या घरांत, आणि तेंच आज अडचणींत आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानें दापोली-मंडणगडचा किनारा झोडपून काढला. माडापोफळीच्या बागा क्षणांत आडव्या झाल्या. वादळापेक्षांहि मंद पण खोल असें दुसरें संकट मासळीच्या दुष्काळाचें. प्रखर दिव्यांच्या झोतावर मासे गोळा करून मोठ्या यांत्रिक जाळ्यांनीं उपसण्याची पद्धत सुरू झाली, तेव्हां लहान होडीवाल्यांनीं तिच्याविरुद्ध आवाज उठविला. २०१६ मध्यें राज्य सरकारनें पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, २०१७ मध्यें केंद्र सरकारनें दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली, आणि २०२१ मध्यें राज्याचा १९८१ चा मासेमारी नियमन कायदा अधिक कडक झाला. कायदा झाला तरी रात्रीच्या समुद्रावर त्याचा अंमल बसविणें ही वेगळी बाब आहे.

हा प्रश्न केवळ कोळ्यांचा आहे, असें वऱ्हाडांतील माणसानें म्हणूं नये. कपाशीचा भाव दूरच्या कचेरींत ठरला म्हणजे काय होतें, हें आपणांस कोणी शिकवावयास नको. समुद्राविषयीं ठराव करणारे बहुतेक लोक समुद्रापासून दूरच राहतात. १७५५ सालींहि राहत होते. तेव्हां त्यांनीं किनाऱ्यावरच्या माणसास विचारलें नाहीं, आणि त्याचें मोल सगळ्या महाराष्ट्रानें भरलें, वऱ्हाडानेंहि भरलें.

म्हणून, श्रोतेहो, आपल्यापैकीं कोणी कोंकणांत सहलीस जाल तर हर्णैस अवश्य जा. सकाळचा लिलाव पाहा, होडींतून सुवर्णदुर्गास जाऊन तो मारुति आणि तें कांसव पाहा, कड्यावरच्या गणपतीपासून सूर्यास्त पाहा. पण परत निघण्यापूर्वीं घटकाभर एखाद्या जुन्या तांडेलापाशीं बसा आणि पाण्याची हकीकत विचारा. आपल्या राज्यकर्त्यांनीं तें एकदां विचारावयाचें राहून गेलें होतें.